वाडा वाचवायचा तर आधी जिना बघा

दर वर्षी जून उजाडला की जुन्या बडोद्यात नोटिसा लागायला सुरुवात होते. मांडवीच्या आसपासच्या पोळी (दाट घरांच्या गल्ल्या), वाडी, घडियाळी पोळ, इकडे रावपुरा, दांडियाबाजार आणि खारीवाव रोडवरचे उरलेसुरले वाडे. दारावर कागद चिकटतो: इमारत जर्जर झाली आहे, दुरुस्त करा नाहीतर उतरवून घ्या, अन्यथा कलम २६४ प्रमाणे कारवाई होईल. १९४९चा हा महानगरपालिका कायदा मुंबई राज्याच्या काळातला, गुजरातने तो पुढे चालवला. पडायला आलेल्या घराचं काय करायचं याचे भरपूर अधिकार त्यात पालिकेला आहेत. ते घर पडायला का आलं, हे विचारायचं काम मात्र कुणाच्याच गळ्यात नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. नोटीस आली की अशा घरांतून मला बोलावणं येतं आणि हा प्रश्न मला विचारावाच लागतो. उत्तर बहुतेक घरांत सारखंच मिळतं. तुळई कुजली, कारण वर पाणी मुरत होतं. पाणी मुरत होतं, कारण कौल सरकलं होतं. कौल सरकलेलं कुणाला दिसलं नाही, कारण त्या मजल्यावर बरीच वर्षं कुणी गेलंच नव्हतं. आणि गेलं नव्हतं, कारण घरात उरलेल्या माणसाला जिना चढता येत नव्हता. लाकडी तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक सगळ्यात आधी सडतं. ते बाहेरून दिसतही नाही. खाली पलंगावर बसलेल्या माणसाला ते कळतं तेव्हा छताचा गिलावा त्याच्या अंथरुणावर पडलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आपल्या शहरात अपंग आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरातल्या सोयी हा एक विषय, आणि वारसा इमारतींना द्यायची सवलत हा दुसरा विषय, अशी जी वाटणी झाली आहे तीच मुळात चुकीची आहे. एक विषय समाजकल्याणाच्या टेबलावर जातो, दुसरा नगररचनेच्या. एकात प्रमाणपत्रं, काठ्या, तीनचाकी सायकली. दुसऱ्यात दरवाजांवरची रोषणाई आणि हेरिटेज वॉक. ज्या घरात हे दोन्ही प्रश्न एकाच पायरीवर बसलेले असतात, त्या घराची फाइल कुठेच उघडत नाही.

ती पायरी एकदा नीट बघायला हवी. वाड्याचं जोतं रस्त्यापासून दोन-तीन फूट उंच असतं. पावसाळ्यात गल्लीतलं पाणी घरात येऊ नये म्हणून ते तसं बांधलं. विश्वामित्रीच्या शहरात त्यात काही चूक नाही, ऑगस्ट २०२४चा पूर ज्यांनी घरात घेतला ते उंच जोत्याला नावं ठेवणार नाहीत. दगडी पायऱ्या चढल्या की दिंडी दरवाजाचा उंबरठा, तोही चांगला सहा-आठ इंच. आत चौक, चौकातून पुन्हा दोन पायऱ्या वर सोपा, म्हणजे ओसरी. आणि सोप्याच्या कोपऱ्यात, भिंतीच्या जाडीत बसवलेला जिना. रुंदी जेमतेम दोन फूट, पायरीची उंची दहा-अकरा इंच, पाय ठेवायला टाच टेकेल न टेकेल एवढी जागा. कठडा नाही. वरून एक दोर सोडलेला असतो, हात लागून लागून काळा आणि गुळगुळीत झालेला, तो धरून चढायचं. वर पोचलं की डोक्यावर फळ्यांचं झाकण, ते एका हाताने उचलायचं आणि दुसऱ्या हाताने दोर सोडायचा नाही. धडधाकट माणसालाही सवय नसली तर इथे घाम फुटतो. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने काय करावं?

खारीवाव रोडवर ओळखीचं एक घर आहे. काकांना अर्धांगवायू झाला तेव्हा ते दोघं वरच्या मजल्यावर राहत होते, कारण खाली दुकानाला दिलेलं. पहिले काही महिने डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की गल्लीतली चार मुलं वर येत, खुर्चीला दोन बांबू बांधत, आणि काकांना त्या जिन्यातून उतरवत. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडली की काकू खालून ओरडून सांगत, “डावीकडे घ्या रे, डावीकडे, भिंतीला हात घासेल त्यांचा.” पुढे मुलं नोकऱ्यांना लागली. काका-काकू गोत्रीला मुलाच्या फ्लॅटवर गेले. वरच्या मजल्याला कुलूप लागलं. त्यानंतर काय झालं ते वर लिहिलंच आहे.

जाण्याआधी त्यांनी एक अर्ज केला होता. मागच्या बोळाच्या बाजूला जुनी न्हाणी होती. तिथून तळमजल्याची एक खोली परत मिळवून संडास आणि छोटा उतार करायचा होता. अर्ज घेऊन मीच एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी कागद दोनदा वाचला, माणूस सभ्य होता, आणि विचारलं, “पण हा अर्ज कुठल्या टेबलाचा?” त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. असं टेबल नव्हतंच.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे, तो एप्रिल २०१७पासून लागू झाला. १९९५च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात एकवीस आहेत. नवी इमारत सुगम नसेल तर आस्थापनेला बांधकामाची परवानगी देऊ नये आणि पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये, असं कलम ४४ सांगतं. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करा, असं कलम ४५ सांगतं. नियम १५ जून २०१७ला निघाले, म्हणजे मुदत जून २०२२मध्येच संपली. घरकुलांच्या सरकारी योजनांत पाच टक्के आरक्षण कलम ३७मध्ये आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत तर अपंग आणि वृद्ध असलेल्या कुटुंबाला शक्यतो तळमजल्यावर किंवा खालच्या मजल्यावर घर द्यावं असंही म्हटलं आहे. सहकारी गृहनिर्माण सोसायटीसुद्धा सुटत नाही, कारण खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्था स्पष्ट लिहिली आहे.

आता यातून खासगी वाडा काढून बघा. तो सार्वजनिक इमारत नाही, आस्थापना नाही, नवं बांधकाम नाही, सरकारी घरकुल नाही. म्हणजे सरकार तुम्हाला शहराच्या कडेला तळमजल्यावरचा नवा फ्लॅट देईल, पण ज्या घरात तुम्ही साठ वर्षं राहिलात त्या घरात राहता यावं म्हणून एक कठडा लावून देणार नाही. समाजात आपल्या मर्जीने राहण्याचा हक्क याच कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. पण तो हक्क वाड्यातल्या जिन्याच्या तळाशी येऊन थांबतो.

भाडेकरूची गोष्ट आणखी अवघड. जुन्या वाड्यांतली अनेक कुळं १९४७च्या मुंबई भाडे कायद्याखालची. मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेत कायमचं बांधकाम केलं तर तो घर खाली करून घेण्याचा आधार होतो, असं त्या कायद्याचं तेरावं कलम सांगतं. त्यामुळे कूळ लाकडी फळी टाकतं, सिमेंटचा उतार करत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासावर प्लास्टिकची भोक पाडलेली खुर्ची ठेवतं, कमोड बसवत नाही. मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात मी दुरुस्ती का करू? त्याचंही खोटं नाही. दोघं एकमेकांच्या जाण्याची वाट बघत एकाच छताखाली म्हातारे होतात.

आणि समजा सगळे तयार झाले, तरी नियम आडवा येतो. उताराचं प्रमाण बाराला एक, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. तीन फूट जोत्याला छत्तीस फूट झाले. मध्ये विसाव्याची सपाट जागा धरली तर चाळिसाच्या वर. गल्ली दहा फुटांची. म्हणजे पुस्तकातला रॅम्प तिथे कधीच होणार नाही. नियमात बसत नाही म्हणून काहीच करायचं नाही, असा शेरा मारून फाइल बंद करणं सगळ्यात सोपं. पण घडीचा ॲल्युमिनियमचा उतार आहे, मदतनीस असेल तर थोडा जास्त चढ चालून जातो, तीन फूट वर नेणारं लहान प्लॅटफॉर्म लिफ्टचं यंत्र आहे, मागच्या बोळातून आत यायचा दुसरा मार्ग असू शकतो. घराघराला उत्तर वेगळं आहे. हे उत्तर शोधून त्यावर सही करायचा अधिकार असलेला माणूस हवा, एवढंच.

कायद्यात यासाठी शब्दही तयार आहे: वाजवी सोय. समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता, त्या एका प्रकरणापुरते, गरजेचे आणि योग्य ते बदल. अमेरिकेत १९८८मध्ये घरांविषयीच्या समान हक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग माणसाला घर वापरता यावं म्हणून नियमात वाजवी सूट नाकारणं हा भेदभाव ठरला. त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या अनेक शहरांनी आपापल्या नियमावलीत एक छोटी कार्यपद्धती घातली. घराच्या पुढच्या मोकळ्या जागेत बांधकाम चालत नाही, पण तिथेच उतार करावा लागतोय? अर्ज करा. नगररचनेचा अधिकारी मोजक्या प्रश्नांची उत्तरं लेखी देतो: राहणारी व्यक्ती अपंग आहे का, हा बदल तिला लागतो का, त्याने शहरावर अवाजवी खर्च किंवा काम पडतं का, आणि मूळ नियमाचा हेतूच मोडतो का. बऱ्याच ठिकाणी जाहीर सुनावणीही लागत नाही; शेजाऱ्यांनी तुमच्या गुडघ्यांवर मत द्यायचं कारण नाही. नाकारलं तर अपील आहे. आपल्याकडे मोकळ्या जागेत जनरेटर आणि पानाचा गल्ला बिनबोभाट बसतो. उतार मात्र अतिक्रमणात जातो.

त्याच कॅलिफोर्नियाच्या नगरपालिकांसमोर दुसरा एक विषय नेहमी येतो, मिल्स कायद्याचे करार. हा कायदा १९७२चा. जुन्या, नोंद झालेल्या इमारतीचा मालक नगरपालिकेशी किमान दहा वर्षांचा करार करतो: मी अमुक दुरुस्त्या करीन, मूळ रूप राखीन, तुम्ही तपासायला या. बदल्यात त्याचा मालमत्ता कर वेगळ्या हिशोबाने लागतो आणि बराच कमी होतो. करार दर वर्षी आपोआप एक वर्षाने वाढत जातो, घर विकलं तर नव्या मालकालाही तो बांधून राहतो. कल्पना देखणी आहे, आणि आपल्याकडचे वारसाप्रेमी तिचा उल्लेख करतात तेव्हा डोळे चमकतात. तशीच उचलून इथे आणली तर मात्र ती दोन दिवस टिकणार नाही.

कारण पैशाचं आहे. कॅलिफोर्नियात घराच्या खरेदीच्या किमतीच्या सुमारे एक टक्का दर वर्षी कर भरावा लागतो, त्यामुळे करसवलत म्हणजे मोठी रक्कम. (तिथेही १९७८च्या करमर्यादेमुळे चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्या म्हातारीला फायदा थोडा आणि परवा घेतलेल्या श्रीमंताला जास्त, अशी टीका आहेच.) आपल्याकडे कर क्षेत्रफळावर, आणि त्यात इमारतीच्या वयाचा गुणक असल्याने जुन्या घराचा कर आधीच कमी. दांडियाबाजारातल्या वाड्याचा वेरा, म्हणजे हा कर, पूर्ण माफ केला तरी वर्षभराच्या त्या रकमेत एक चांगली सागवानी तुळई येणार नाही. महापौरांचा फोटो येईल.

दुसरा मार्ग टीडीआरचा, म्हणजे स्वतःच्या जागेवर वापरता न येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याचा. मुंबईने १९९५च्या वारसा नियमावलीबरोबर तो आणला, अहमदाबादेत जुन्या शहरातल्या नोंद झालेल्या घरांच्या मालकांना न वापरता आलेली एफएसआय (बांधकामाची मंजूर मर्यादा) विकता येते. अहमदाबादेकडे १९९६पासून स्वतंत्र हेरिटेज विभाग आहे आणि २०१७पासून जागतिक वारसा शहराचा शिक्का. आपण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बसून तिथल्या बातम्या वाचतो आणि हळहळतो. पण टीडीआर हे ज्याचं नाव एकट्याचं, कागद स्वच्छ आणि वकील चांगला, त्याचं हत्यार आहे. आपल्या वाड्यांच्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव अजून आहे, खाली अकरा वारस, त्यातले दोघं पुण्यात, एक न्यू जर्सीत, आणि एकाचा पत्ताच नाही. त्या कागदावर टीडीआर निघेपर्यंत छत थांबत नाही. शिवाय टीडीआरची रक्कम हातात पडली तरी ती जिन्यावरच खर्च होईल याची हमी काय?

मिल्स कायद्यातून घेण्यासारखा आहे तो करार. सवलत नव्हे. नगरपालिका आणि राहणारं कुटुंब यांच्यात एक लेखी, मुदतीचा, तपासता येण्याजोगा शब्द. त्या करारात मला हवं आहे ते असं. पालिकेने आपल्या यादीतला इंजिनियर फुकट पाठवावा. नोटिशीनंतर नाही, आधी. छपराची दुरुस्ती आणि तळमजल्यावरची एक राहण्याजोगी खोली, संडास, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, यांचा एकत्र अंदाज काढावा आणि त्यातला ठरावीक हिस्सा पालिकेने काम झाल्यावर टप्प्याटप्प्याने द्यावा. कुटुंबाने दहा वर्षं दर्शनी भाग, चौक आणि लाकूडकाम राखावं, दर पावसाळ्याआधी कौलं फेरून घ्यावीत. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: घरात कुणीतरी राहत असलं पाहिजे. रिकाम्या घराला पैसा द्यायचा नाही, मग त्याचा दरवाजा कितीही कोरीव असो.

या शेवटच्या अटीवर वारसावाल्या मित्रांशी माझं भांडण होतं. त्यांना रिकामी, नीट रंगवलेली इमारत चालते. तिथे कॅफे येतो, बुटीक हॉटेल येतं. येऊ दे, माझं काही म्हणणं नाही, पण त्याला लोकांच्या पैशाची गरज नाही, बाजार ते करतोच. लोकांचा पैसा जावा तो ज्याच्यावर बाजार थुंकतो त्याच्यावर. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे म्हणून त्यातली भित्तिचित्रं वाचली, हे खरं आणि चांगलंच झालं. मात्र सगळे वाडे पुरातत्त्व खातं घेणार नाही, घेऊही नये. उलट अशा संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत तुमचं घर असेल तर नवं बांधकाम बंद, आणि १६ जून १९९२ पूर्वीचं घर असेल तर दुरुस्तीची परवानगी मागता येते. वाडा दीडशे वर्षांचा, तेव्हा त्या तारखेची भीती नाही. पण चौकात लावायची लहान लिफ्ट ही दुरुस्ती की नवं बांधकाम, हे ठरवायला कागद किती कचेऱ्या हिंडेल याची कल्पना करा. याचं उत्तर आधीच लिहून ठेवता येतं: भिंतीला न टेकता स्वतःच्या लोखंडी सांगाड्यावर उभी, काढून नेता येण्याजोगी, मूळ छपराच्या वर न जाणारी असेल तर ती दुरुस्ती.

“लोखंड आणि काच त्या चौकात शोभत नाही” हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. १८९०च्या लक्ष्मीविलास राजवाड्यात बांधतानाच लिफ्ट घातली होती हे गाइड मोठ्या कौतुकाने सांगतात. राजाच्या घरात जे आधुनिकतेचं लक्षण, ते काकूंच्या चौकात विटाळ कसा होतो? इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या २००४च्या सनदेत असंरक्षित वारशाचा विचार करताना जिवंत परंपरा आणि पारंपरिक कारागीर यांना मान दिला आहे. ते वाचून मग कठड्याला नाक मुरडायचं हे काही पटत नाही. चांगला सुतार त्याच सागवानात, त्याच नक्षीच्या धाटणीत असा कठडा करून देईल की तो पहिल्यापासून तिथे होता असं वाटेल. बडोद्यात असे सुतार अजून आहेत. त्यांना कामं नाहीत, हा निराळा लेख होईल.

जाता जाता एक धंद्यातली गोष्ट. जुनं घर म्हणजे कच्चं घर हा समज २६ जानेवारी २००१च्या भूकंपाने खोटा पाडला होता. अहमदाबादेत सिमेंटच्या नव्या बहुमजली इमारती कोसळल्या, आणि भिंतीत लाकडी पट्ट्या बांधलेली पोळीतली कितीतरी घरं हलून-डुलून उभी राहिली. तंत्र मजबूत आहे. त्याला फक्त कुणीतरी वर जाऊन बघत राहावं लागतं.

दुसऱ्या बाजूने अपंग हक्कांचे कार्यकर्ते मला वेगळ्या कारणासाठी धारेवर धरतात. त्यांचं म्हणणं, ‘वारसा’ हा शब्द आला की प्रत्येक कार्यालयाला पळवाट मिळते. तुम्ही म्हणता घरोघरी वेगळं उत्तर, उद्या सरकारी इमारतही म्हणेल आमचं उत्तर वेगळं. ही भीती शंभर टक्के खरी आहे. सार्वजनिक इमारतीबाबत मी त्यांच्याच बाजूला आहे, तिथे तडजोड नको. १८९६चं आपलं न्यायमंदिर घ्या. २०१८मध्ये न्यायालय नव्या संकुलात गेलं, पण त्याआधी इतकी दशकं न्याय मागायला येणाऱ्या पांगळ्या माणसाने त्या पायऱ्यांचं काय करायचं होतं? पुढे तिथे जे काही होईल ते पहिल्या दिवसापासून चाकाच्या खुर्चीसाठी खुलं हवं, आणि कायद्यात वारसा इमारतीला कुठलीही सूट नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात याहून पुढचं सांगितलं: सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशींच्या स्वरूपात ठेवणं मूळ कायद्याशी विसंगत आहे, बंधनकारक किमान नियम करा. इच्छा असली तर किती वेळ लागतो तेही आपल्याला माहीत आहे. जानेवारी २००१मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले तेव्हा लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा आणि जंतरमंतरला लाकडी उतार झटक्यात लागले. पाहुणा तेवढा मोठा होता.

घराचं मात्र तसं नाही. सार्वजनिक इमारतीत अनोळखी, कुठल्याही प्रकारचं अपंगत्व असलेला माणूस येऊ शकतो, म्हणून तिथे एकच कडक माप हवं. घरात कोण राहतं, त्याला काय जमतं, काय जमत नाही, हे आपल्याला नावानिशी माहीत असतं. तिथे तेच कडक माप लावलं की त्याला काहीच मिळत नाही, हे छत्तीस फुटांच्या रॅम्पने दाखवलंच.

उरला गैरवापराचा मुद्दा, आणि बडोद्यात राहून तो हसण्यावारी नेता येणार नाही. रॅम्पच्या नावाने ओटा वाढेल, ओट्यावर पत्रा येईल, पत्र्याखाली मोबाइलचं दुकान. खोटं प्रमाणपत्र काढून वर एक खोली चढवणारेही निघतील. म्हणून परवानगी जागेला द्यावी पण मुदतीने, नकाशा आणि फोटोसकट, आणि बदल काढता येण्याजोगाच असावा. पक्कं वाढीव बांधकाम यातून मिळणारच नाही म्हटल्यावर अर्ध्याहून अधिक लबाडांचा रस संपतो. इतर योजनांत आपण लबाडांच्या भीतीने प्रामाणिक माणसाचे कागद वाढवतो, इथे तसं करू नये.

प्रमाणपत्राविषयी तर माझं मत थोडं टोकाचं आहे. २०११च्या जनगणनेत देशात अपंग व्यक्ती २ कोटी ६८ लाख, म्हणजे २.२१ टक्के नोंदल्या गेल्या. एवढ्या थोड्यांसाठी एवढा खटाटोप, असं सभागृहात कुणीतरी म्हणेलच. पण संधिवाताने जिना सुटलेल्या आज्या त्या आकड्यात नाहीत. त्या स्वतःला अपंग म्हणवून घेणार नाहीत, चाळीस टक्के अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात रांगेतही उभ्या राहणार नाहीत. “वय झालं आता” एवढं म्हणून त्या खाली अंथरूण घालतात. घराच्या सोयीसाठी नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी पुरेशी धरावी: या व्यक्तीला जिना चढणं धोक्याचं आहे. दाखला आरक्षणासाठी लागू दे, कठड्यासाठी कशाला?

हे सगळं करायला राज्याचा नवा कायदा यायची वाट बघावी लागेल असंही नाही. मोकळ्या जागेच्या आणि लिफ्टच्या सवलतीसाठी राज्याच्या विकास नियमावलीत बदल लागेल, ते खरं. पण इंजिनियर पाठवणं, अर्ज घ्यायला एक टेबल नेमणं, दुरुस्तीला मदत देणं हे पालिकेच्या अंदाजपत्रकात बसणारं काम आहे. सुरुवात रावपुरा आणि दांडियाबाजारपासून करावी असं मी म्हणतो. आपल्या मराठी मंडळींचे वाडे तिथे आहेत म्हणून नव्हे (तसं वाटणारच, वाटू दे), तर तिथे मालक आणि कूळ दोन्ही अजून राहतात, म्हणून.

एकच गोष्ट मला खरोखर अडचणीची वाटते, ती भाऊबंदकी. अकरा वारसांची संमती मागितली तर ही योजना पहिल्याच घरात मरेल. म्हणून अर्जाला सही लागावी ती फक्त घरात राहणाऱ्याची, मग तो हिस्सेदार असो वा कूळ. बाकीच्यांना पंधरा दिवसांची सूचना द्यावी आणि हरकत ऐकावी ती एकाच मुद्द्यावर: या बदलाने त्यांच्या हिश्शाचं कायमचं नुकसान होतं का. काढता येण्याजोग्या उताराने आणि कठड्याने ते होत नाही, तेव्हा हरकत बहुधा तिथेच निकाली निघेल. कुळाने स्वतःच्या खर्चाने केलेली अशी सोय ‘कायमचं बांधकाम’ धरली जाणार नाही, हेही त्याच परवानगीत लिहून द्यावं, म्हणजे मालकाच्या वकिलाला काम उरणार नाही. आणि न्यू जर्सीतल्या पुतण्याला पाठवायची सूचना रजिस्टर्ड पोस्टानेच गेली पाहिजे असा हट्ट नको, व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा आल्या की पुरे.